गादी आणि लगाम



जन्मभर कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेतलेला माणूस आज आलिशान मोटारींवर बोलणार, हे फलकावर वाचून काही मंडळींना मौज वाटली असेल. ‘ज्याच्या दारी सायकल त्याने अंबारीचे वर्णन करावे’, असे एका स्नेह्याने मला तोंडावर सांगितलेही. त्यांना माझे उत्तर इतकेच, की अंबारीत बसणाऱ्यापेक्षा माहुताला आणि हत्तीला वैरण घालणाऱ्याला हत्ती अधिक ठाऊक असतो. गेली तीस वर्षे मी ज्या लोकांत वावरलो ते लोक या गाड्या जोडतात, चालवतात, आणि बिघडल्या म्हणजे त्यांच्याखाली आडवे पडून दुरुस्त करतात. शाळा माझी लवकर सुटली. पदार्थविज्ञान जे काय पदरात पडले ते या मंडळींकडून आणि रात्री उसन्या आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा आज मी जे सांगणार ते गॅरेजच्या भाषेत सांगेन. प्राध्यापक मंडळींनी ते गोड मानून घ्यावे.

प्रश्न असा आहे. मोटारीत बसणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात. रस्त्यात खड्डा असो की दगड असो, त्याची वार्ता अंगापर्यंत येऊ नये, ही पहिली. आणि हातातले चाक जरा फिरवताच गाडीने न डगमगता वळावे, रस्त्याला धरून राहावे, ही दुसरी. पहिलीला आपण गादी म्हणू, दुसरीला लगाम. पेच असा, की गादीसाठी चाक आणि बैठक यांचे नाते जितके सैल तितके बरे, आणि लगामासाठी तेच नाते जितके घट्ट तितके बरे. एकच सांधा एकाच वेळी सैल आणि घट्ट कसा ठेवायचा? मोटारींचे मोठमोठे कारखाने शंभर वर्षे या कोड्याशी झटत आहेत. ज्या गाडीला आपण ‘लक्झरी सेडान’ म्हणतो, तिच्या किमतीचा बराच मोठा भाग या कोड्याच्या उत्तराचा असतो. चामड्याच्या गाद्या आणि लाकडी पट्ट्या हा नुसता दर्शनी भाग झाला.

आपल्याकडे या कोड्याचे जुने उत्तर म्हणजे पालखी. पालखीला ना चाक ना स्प्रिंग. दांड्याची लवचीक आणि भोयांचे गुडघे हेच तिचे सस्पेन्शन. वाटेतला दगड भोयाच्या टाचेला कळे, आतल्या सरदाराला कळत नसे. म्हणजे गचका नाहीसा झाला नव्हता, तो फक्त दुसऱ्याच्या अंगावर घातला होता. पुढे टांग्याला पोलादी पाटे आले आणि माणसाच्या गुडघ्याचे काम लोखंडाने उचलले. यंत्राबद्दल मला जी आस्था आहे ती यासाठीच आहे. पण हा गचका दुसऱ्याच्या अंगावर घालण्याचा प्रकार मोटारीतही पुरता संपलेला नाही, हे पुढे दिसेल.

आता स्प्रिंगचे गणित पाहू. ते वाटते तितके अवघड नाही. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडला आणि खाली शॉकअप नाहीच अशी कल्पना केली, तर गाडी वरखाली झुलत राहील. ती मिनिटाला किती वेळा झुलते यावर तिचा मऊपणा ठरतो. जुन्या मोठ्या आरामगाड्या मिनिटाला साठाच्या आसपास झुलत. चपळाईसाठी बांधलेल्या सेडानमध्ये हा आकडा ऐंशी-नव्वदाकडे जातो. शर्यतीच्या गाड्यांत तो याहून कितीतरी वर असतो. आता गंमत बघा. मिनिटाला साठ झोके हवे असतील, तर गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. नव्वद झोक्यांना ११ सेंटिमीटर पुरतात आणि एकशेवीसला अवघे ६. दुसऱ्या बाजूने सांगायचे तर झोके दीडपट करण्यासाठी स्प्रिंग सव्वादोन पट ताठ करावी लागते, आणि दुप्पट करण्यासाठी चौपट. ‘थोडी कडक केली’ असे विक्रेता म्हणतो तेव्हा त्या ‘थोडी’चा अर्थ असा असतो.

मग साठाचे तीस का करू नयेत? गाडी आणखी मऊ होईल. पण चाकाला वरखाली जायला जागा मर्यादित असते. स्प्रिंग फार मऊ झाली की मोठ्या खड्ड्यात चाक वर येऊन ठोकरते, आणि तो ठोका कुठल्याही ताठ स्प्रिंगपेक्षा वाईट. मागे तीन माणसे आणि डिकीत सामान भरले की गाडीचे बूड टेकते. ब्रेक मारताच तोंड खाली जाते. शिवाय माणसाचे शरीर हेही एक यंत्रच आहे. मिनिटाला तीसपेक्षा कमी, फार संथ हेलकाव्यांनी पोटात ढवळते. होडीत बसलेल्यांना हे सांगायला नको. उलट सेकंदाला चार ते आठ या वेगाची उभी थरथर कण्याला आणि पोटाला सर्वांत जाचते. या दोन्हींच्या मध्ये, चालणाऱ्या माणसाच्या पावलांच्या जवळपासचा ताल शरीराला मानवतो, कारण तो त्याला जन्मापासून ओळखीचा असतो. गाडी बांधणाऱ्याला या अरुंद पट्टीतच खेळावे लागते.

इथे एक आडकथा. रिकामी एस. टी. भरलेल्या एस. टी.पेक्षा जास्त का आदळते, असे पुष्कळदा विचारतात. पाट्यांची स्प्रिंग भरलेल्या गाडीच्या वजनाच्या हिशेबाने घातलेली असते. माणसे उतरली की तीच स्प्रिंग उरलेल्या वजनाला फार ताठ पडते. हवेच्या फुग्यांवरच्या बसमध्ये फुग्यातली हवा वजनाप्रमाणे कमीजास्त होते, म्हणून ती रिकामीही बरी चालते. रोज आठ-आठ तास स्टिअरिंगवर बसणाऱ्यांत कंबरदुखी इतरांपेक्षा अधिक आढळते, हे वैद्यकाला फार दिवसांपासून माहीत आहे. आलिशान गाडीचे शास्त्र हे मुळात या कण्याचेच शास्त्र आहे. कोणाच्या कण्यावर किती खर्च करायचा, एवढाच फरक.

असो. पुढचे आणि मागचे चाक यांचे नाते हा एक सुंदर विषय आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या, दोन्ही धुऱ्यांत तीन मीटर अंतर असलेल्या गाडीचे पुढचे चाक उंचवट्यावर चढल्यानंतर मागचे चाक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळात तिथे पोचते. म्हणजे गाडीचे तोंड झुलू लागलेले असते आणि मग शेपटी झुलू लागते. दोघांचे ताल जुळले नाहीत की गाडी घोड्यासारखी पुढेमागे डोलते, आणि माणसाला वरखाली होण्यापेक्षा हे डोलणे अधिक त्रासदायक वाटते. मॉरिस ओली नावाचा इंग्रज इंजिनिअर रोल्स-रॉइसची नोकरी करून १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे आला. त्याने एका गाडीच्या पुढे आणि मागे हलवता येतील अशी वजने बांधली, आत माणसे बसवली, आणि कोणत्या मांडणीत बरे वाटते ते त्यांनाच विचारले. त्यातून निघालेला नियम असा: पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा मऊ ठेवा. मागची बाजू उशिरा झुलू लागते, पण जलद झुलते, म्हणून थोड्याच वेळात तोंडाला गाठते आणि दोघे एका तालात खालीवर होतात. डोलणे थांबते. पण पुढची स्प्रिंग मऊ केली तर जुन्या एकसंध धुऱ्यामुळे स्टिअरिंग थरथरू लागे. म्हणून पुढची दोन चाके एकमेकांपासून मोकळी केली गेली. १९३४ च्या कॅडिलॅक गाड्यांत ही मोकळी चाके आली. सुखाच्या शोधात निघालेल्याला वाटेत लगामही सुधारून मिळाला. या इतिहासात असे पुन्हा पुन्हा घडते, आणि जे लोक ‘एक हवे तर दुसरे सोडा’ असे सांगतात त्यांना मी हे उदाहरण देतो.

आता शॉकअप. नावाने फसू नका. धक्का शोषण्याचे काम स्प्रिंग करते. शॉकअपचे काम स्प्रिंगचे झुलणे थांबवण्याचे. नळकांड्यात तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोके. तेल भोकांतून जाताना अडते आणि झुलण्याची शक्ती उष्णतेत जाते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागेल. तो अगदी ढिला असेल तर गाडी नावेसारखी झुलत राहते, अगदी घट्ट असेल तर स्प्रिंग आहे की नाही कळत नाही. पण खरी कारागिरी ढिल्या-घट्टाच्या मधला बिंदू शोधण्यात नाही. एका गॅरेजमधल्या जुन्या मिस्त्रींनी मला ती वाकड्या भोकाच्या जुन्या दट्ट्यावर बोट ठेवून समजावली, आणि त्या दिवसापासून मला हा सगळा विषय उलगडला.

गोष्ट अशी आहे. गाडी वळते, ब्रेक लागतो, तेव्हा गाडीचे अंग कलते खरे, पण सावकाश कलते. दट्ट्या हळू सरकतो. चाक खड्ड्यात पडते तेव्हा दट्ट्या झटकन, फार वेगाने सरकतो. म्हणजे लगामाचा शत्रू संथ आहे आणि गादीचा शत्रू चपळ आहे. मग असा पडदा बसवा की दट्ट्या हळू सरकत असेल तर तेलाला वाट अरुंद मिळावी, आणि एका मर्यादेपलीकडे जोर आला की पोलादी चकत्या वाकून वाट मोकळी व्हावी. वळणावर घट्ट, खड्ड्यात सैल! एकच सांधा दोन्ही कसा होईल, असा आपण आरंभी प्रश्न केला होता. त्याचे अर्धे उत्तर या रुपयाएवढ्या चकत्यांच्या थप्पीत आहे. चांगल्या कारखान्यात या चकत्यांची जाडी आणि क्रम ठरवण्यासाठी माणसे महिनोन्‌महिने गाड्या चालवतात. दोन गाड्यांचे छापील आकडे सारखे असूनही एक मखमली वाटते आणि दुसरी खडबडीत, त्याचे कारण पुष्कळदा इथे असते.

वळणाविषयी एक मोठा गैरसमज आहे. गाडी झुकली म्हणजे ती पडणार, आणि कडक स्प्रिंग घातली म्हणजे ती रस्त्याला चिकटली, असे लोक मानतात. हिशेब करू. १,८०० किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर, डाव्या-उजव्या चाकांत अंतर १६० सेंटिमीटर. बऱ्यापैकी वेगाने वळताना, म्हणजे बाजूचा ओढा वजनाच्या चार-दशांश असताना, आतल्या चाकांवरचे सुमारे २५० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जाते. स्प्रिंग लोण्यासारखी असो की दगडासारखी, हा आकडा जवळजवळ तोच राहतो. तो ठरतो उंचीने, रुंदीने आणि वेगाने. याच वजनाची उंच गाडी घ्या, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर. आता ३१५ किलो सरकतात. आज बाजारात जिकडेतिकडे उंच गाड्यांची चलती आहे. त्यांना झुकण्यापासून आवरण्यासाठी स्प्रिंगा ताठ कराव्या लागतात, आणि मग मालक म्हणतो, एवढे पैसे मोजले तरी गाडी आदळते. ठेंगण्या सेडानला जे फुकट मिळते ते उंच गाडीला विकत घ्यावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

मग कडकपणाने काय साधते? झुकणे आटोक्यात राहिले की चाके रस्त्यावर उभी राहतात, टायरचा पुरा पट्टा जमिनीला टेकतो. आणि गाडी चटकन उत्तर देते. स्टिअरिंग फिरवल्यानंतर ‘आधी कलू द्या, मग वळते’ असे म्हणत नाही. हे शौकाचे काम नाही. द्रुतगती मार्गावर ताशी शंभराने जाताना पुढे अचानक बंद पडलेला ट्रक दिसला, तर दोनदा झटपट वळण घ्यावे लागते, एकदा बाहेर आणि एकदा आत. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने नेमकी हीच परीक्षा घेतली, तेव्हा मर्सिडीजची नवी, उंचट छोटी ए-क्लास गाडी कलंडली. त्यानंतर कंपनीने त्या गाडीत घसरण आवरणारी विजेची यंत्रणा सरसकट बसवली. तेव्हा लगाम म्हणजे पोरांचा हौशी खेळ, असे मानू नये.

स्प्रिंग आणि शॉकअपखेरीज दोन गोष्टी आहेत, ज्यांच्याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष जात नाही. एक रबरी बुश. चाकाचे दांडे गाडीला जिथे जोडतात तिथे रबर असते. हे रबर मागेपुढे मऊ आणि आडवे ताठ असे घडवता येते. मग खड्ड्याची कड लागताच चाक किंचित मागे सरते आणि ठोका बोथट होतो, पण वळताना तेच चाक आडवे हलत नाही. मर्सिडीजच्या १९८२ च्या १९० या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला पाच वेगवेगळे दांडे दिले ते अशाच हिशेबाने: चाकाने कोणत्या दिशेला ऐकावे आणि कोणत्या दिशेला ऐकू नये, हे एकेका दांड्याला वाटून दिले.

दुसरी गोष्ट टायर. इथे मला थोडे कडक बोलायचे आहे. २२५/५५ चे १७ इंची आणि २४५/४० चे १९ इंची अशी दोन चाके घ्या. बाहेरून दोघांची उंची तीच, सुमारे ६७९ मिलिमीटर. पण रस्ता आणि धातू यांच्यामधली रबराची भिंत पहिल्यात १२४ मिलिमीटर आहे, दुसऱ्यात ९८. बोटाच्या एका पेराइतकी गादी गेली, आणि चाकही बहुधा जड झाले. शोरूममध्ये मोठी चाके झकास दिसतात, आणि गुळगुळीत रस्त्यावर अशी गाडी वळतेही नेमकी. आपल्या गावातल्या डांबराच्या कडेवर मात्र रिम वाकते, टायरला फुगा येतो. ‘स्पोर्ट’ असे अक्षर लावून जे विकतात त्यातले बरेचसे एवढेच असते.

आता या कोड्याशी झटलेल्यांपैकी दोन गाड्यांची कथा सांगतो. पहिली फ्रेंच. ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सित्रोएनने डी. एस. नावाची गाडी मांडली. तिला पोलादी स्प्रिंगच नव्हती. प्रत्येक चाकावर धातूचा एक गोळा. गोळ्यात रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूला दाबलेला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूला तेल. चाक वर आले की तेल वायूला दाबते, आणि वायू हीच स्प्रिंग. इंजिनवर चालणारा पंप तेलाचा दाब राखतो, त्यामुळे गाडीत एक माणूस असो की पाच, ती जमिनीपासून त्याच उंचीवर राहते. वाट खराब असेल तर कळ फिरवून गाडी वर उचलून घेता येई. ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो पॉल माजेस इंजिनिअरिंगचे रीतसर शिक्षण न घेतलेला माणूस होता. १९२५ मध्ये पोरवयात कारखान्यात लागला आणि काम करता करता शिकला. माझ्यासारख्याला त्याच्याविषयी ममत्व वाटणे साहजिक आहे, पण ममत्व बाजूला ठेवले तरी काम थोर होते. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या अशाच गाडीवर मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. टायर फुटले, तरी चालकाने गाडी ताब्यात ठेवून भरधाव बाहेर काढली. त्या दिवशी गादीने नव्हे, लगामाने जीव वाचवला, आणि दोन्ही एकाच गोळ्यातून आलेले होते. डी. एस. वळणावर झुके, चांगलीच झुके. पण झुकूनही रस्ता सोडत नसे. रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी या तेलयंत्रणेचा परवाना सित्रोएनकडून घेतला. यंत्रणा मात्र नाजूक आणि खर्चिक. सी-फाइव्ह ही गाडी २०१७ मध्ये बंद झाली तेव्हा सित्रोएनमधली ही परंपरा थांबली.

दुसरी इंग्रज. १९६८ ची जग्वार एक्स-जे-सिक्स. हिच्यात जादू काहीच नव्हती: साध्या पोलादी स्प्रिंगा, साधे शॉकअप. पण बॉब नाइट या इंजिनिअरने आवाज आणि थरथर यांचा जणू वैरी होऊन पाठलाग केला. पुढचे-मागचे सस्पेन्शन वेगळ्या सांगाड्यांवर बसवून ते सांगाडे रबरातून गाडीला जोडले, ब्रेकवर तोंड खाली जाऊ नये असे दांड्यांचे कोन ठेवले, आणि टायर डनलॉपने या गाडीसाठी खास घडवले. परिणाम असा की त्या काळच्या परीक्षकांना ती आरामगाड्यांच्या पंक्तीतही बसवावीशी वाटली आणि चपळ गाड्यांच्याही. जग्वार २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे, एवढा आपला तिच्याशी संबंध. मला या दोन कथांत दुसरी अधिक शिकवते. फ्रेंचांनी नवे यंत्र शोधले. इंग्रजांनी जुन्याच यंत्रातला प्रत्येक सांधा हाताखालून घातला.

यापुढचा काळ विजेचा. १९७४ मध्ये अमेरिकेत कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली: शॉकअपचे वरचे टोक गाडीला न बांधता आकाशाला बांधले आहे असे समजा! आकाश हलत नाही, म्हणून गाडीही हलणार नाही. आकाशाला खुंटी ठोकता येत नाही, हे त्यांनाही माहीत होते. पण गाडी कशी हलते ते क्षणोक्षणी मोजून शॉकअप त्या-त्या क्षणी घट्ट-सैल केला, तर खुंटी असल्याचा बराचसा आभास होतो. २००२ मध्ये कॅडिलॅकच्या सेव्हिल गाडीत लोखंडाचे कण मिसळलेल्या तेलाचा शॉकअप आला. वीज सोडली की चुंबकाने तेल क्षणार्धात दाटते. बी. एम. डब्ल्यू.च्या २००१ च्या सेव्हन सीरिजमध्ये झुकणे आवरणारा स्टॅबिलायझरचा दांडा तेलाच्या दाबाने पिळला जाई. वळणावर ताठ, सरळ रस्त्यावर सैल. मर्सिडीजच्या २०१३ च्या एस-क्लासने कॅमेऱ्याने पुढचा रस्ता पाहून चाक तयार ठेवण्याची युक्ती आणली. हे सारे उत्तम आहे. पण दहा वर्षांनी अशी गाडी तिसऱ्या मालकाकडे जाते, हवेच्या फुग्याला चीर पडते, आणि सकाळी गाडी बैलासारखी मागच्या पायांवर बसलेली आढळते. तेव्हा दुरुस्तीचा आकडा ऐकून माणूसही बसतो. जुनी आलिशान गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे.

विजेवर चालणाऱ्या सेडानने पुन्हा फासे उलटे टाकले आहेत. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली जातो, हा फायदा. पण मोठ्या गाड्यांचे वजन अडीच टनांपलीकडे गेले आहे, आणि इतके वजन वळवायचे आणि थांबवायचे तर टायरला त्याची किंमत द्यावीच लागते.

आता आपल्या इकडे येऊ. युरोपात अशी गाडी घेणारा बहुधा ती स्वतः चालवतो. गादी आणि लगाम दोन्ही त्याच्याच अंगाखाली असतात, भांडण एकाच माणसाच्या मनात चालते. आपल्याकडे मालक मागे बसतो आणि लगाम पगारी माणसाच्या हाती असतो. कारखान्यांनी हे बरोबर ओळखले आहे. लांबवलेली ई-क्लास २०१७ पासून चाकणला तयार होऊ लागली. तिची लांबी मागच्या माणसाच्या गुडघ्यांसाठी आहे. लांबीने गाडीचे डोलणेही कमी होते, तेव्हा हा सौदा मागच्याला दुहेरी लाभाचा. पुढच्याला मात्र लांब गाडी अरुंद गल्लीत वळवावी लागते, आणि एखादा गचका बसला तर ‘बघून चालव’ हे शब्द त्यालाच ऐकावे लागतात, मग तो गचका १९ इंची चाकाचा का असेना. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ मध्ये गतिरोधकाचे माप सांगितले: १० सेंटिमीटर उंच, पण ३.७ मीटर रुंद, ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्यासाठी. आपल्या गल्लीतले हातभर रुंदीचे बांध त्या मापात कुठे बसतात? त्यावर पोटात ढवळले तर त्याला ना गाडी जबाबदार, ना ड्रायव्हर.

ड्रायव्हर लोकांत माझी उठबस आहे म्हणून सांगतो, निम्मी गादी त्यांच्या पायात असते. गाडी थांबण्याच्या शेवटच्या हातभर अंतरात ब्रेक अलगद सोडणारा, वळणाआधीच वेग उतरवून वळणात तो स्थिर ठेवणारा माणूस मध्यम गाडीला आलिशान करतो. उलट कॅमेऱ्याची गाडीही चौदा तास जागलेल्या माणसाच्या हाती हिसके देते. भाड्याने वाहतूक करणाऱ्या उद्योगांतल्या कामगारांसाठी १९६१ च्या कायद्याने दिवसाला आठ तास ठरवून दिले होते. बंगल्यावरचा ड्रायव्हर त्या हिशेबाबाहेरच राहिला. लग्नाच्या वरातीबाहेर पहाटेपर्यंत गाडीत बसून राहिलेल्या माणसाकडून सकाळी समृद्धी मार्गावर ताशी एकशेवीसची अपेक्षा करणे, हे सस्पेन्शनचे कोणतेही गणित सांभाळू शकत नाही.

कोणी अशी गाडी घेण्याच्या बेतात असतील त्यांनी शोरूमच्या विक्रेत्याने निवडलेल्या गुळगुळीत रस्त्यावर न जाता आपल्या घराच्या वाटेवर गाडी न्यावी. एकच गतिरोधक, एकच खड्डा आणि एकच वळण घ्यावे. एकदा लहान चाकांची गाडी, एकदा मोठ्या चाकांची. टायरमधली हवा आधी तपासावी, कारण ड्रायव्हरच्या दारालगतच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात, एक दोन माणसांचा आणि एक भरल्या गाडीचा, आणि बहुतेक ठिकाणी हवा तिसऱ्याच आकड्यावर असते. मग एकदा ड्रायव्हरला मागे बसवावे आणि आपण स्वतः चालवावे. उतरल्यावर दोघांनी आपापले मत एकमेकांना न विचारता वेगवेगळ्या कागदांवर लिहावे, आणि मगच विक्रेत्याशी किमतीचे बोलावे.